परळ भरला, पण ड्रम उघडाच!

मा. संपादक,
स.न.

मार्च उजाडला की पक्ष्यांसाठी मातीचे परळ वाटल्याचे फोटो आपल्या पानांवर दिसू लागतात. काम चांगलंच आहे. मीही दरवर्षी गच्चीवर दोन परळ ठेवतो. पण गेल्या उन्हाळ्यात त्या परळांपासून चार पावलांवरच्या माझ्याच निळ्या ड्रममध्ये दोन चिमण्या मरून तरंगत होत्या. तेव्हापासून ते फोटो बघताना अवघडल्यासारखं होतं.

खान्देशात नळाला रोज पाणी येणारी गावं किती? म्हणून दारोदार ड्रम, टाक्या, हौद. पाणी काठाखाली गेलं की चिमणी प्यायला वाकते. गुळगुळीत प्लास्टिकवर नखं रुतत नाहीत आणि ती आत पडते. पंख भिजल्यावर तिला वर येता येत नाही. झाकण लावावं, नसेल तर फळीचा तुकडा पाण्यात तरंगत सोडावा. एवढी साधी गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली.

दुसरी गोष्ट कूलरची. आपल्याकडचा लोखंडी कूलर म्हणजे चिमणीला आयतं घर. दिवाळीच्या सुमारास बंद होतो तो होळीपर्यंत. आत जुनं गवत, वर पत्रा, मांजराचा पंजा पोचत नाही. होळीनंतर गवत बदलायला आलेल्या कारागिराने जाळी काढली आणि म्हणाला, "आबा, आत खोपा आहे. टाकू काढून?" आत चार अंडी होती. अंडी उबायला बारा-तेरा दिवस, पिल्लं उडायला आणखी पंधरा. म्हणजे जवळजवळ महिना. जाळी तशीच परत बसवून घेतली आणि नातवाने चुकून बटण दाबू नये म्हणून वायरच काढून ठेवली. पारा ४२च्या पुढे गेला होता. घरच्यांनी मला जे ऐकवलं ते आपण छापणार नाही, म्हणून लिहीत नाही. चारपैकी तीन पिल्लं उडाली. आता कूलर बंद केला की त्याला ताडपत्री गुंडाळतो आणि शेजारच्या भिंतीवर सव्वा इंच भोकाचं लाकडी खोकं टांगलं आहे. पहिलं वर्ष रिकामं गेलं, यंदा काड्या जमा होताहेत.

नव्या कॉलन्यांतल्या आरशासारख्या काचांचंही असंच. काचेत समोरचा कडुनिंब दिसतो आणि बुलबुल सरळ त्यात शिरायला जातो. मधोमध घारीचं एक चित्र चिकटवून भागत नाही. काचेच्या बाहेरून दोन-दोन इंचांवर रेघा हव्यात, साबणाच्या वडीने ओढल्या तरी चालतात. धडकून पडलेल्या पक्ष्याच्या चोचीत आपण मायेने पाणी ओततो. ते श्वासनळीत जाऊ शकतं. त्यापेक्षा भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात तास-दीड तास ठेवावा, सावरला की सोडावा. पंख लोंबत असेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

शेतकरी बांधवांना एक विनंती. पेरणीनंतर उरलेलं औषध लावलेलं बियाणं उकिरड्यावर फेकू नका. चिमण्या आणि होले ते वेचतात. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड कालवलेले दाणेही उघड्यावर न टाकता बिळात घालून बीळ बुजवावं. घरात उंदरांसाठी ठेवतात ते गोंदाचे पुठ्ठे तर अंगणात नकोच नको. त्यावर चिमणी चिकटली की सोडवताना पिसं हातात येतात.

नायलॉन मांजावर हरित लवादाची देशभर बंदी २०१७ पासून आहे. आमच्या गल्लीतल्या कडुनिंबावर मात्र एका संक्रांतीचा मांजा दुसऱ्या संक्रांतीपर्यंत लोंबतो. तो काढायला बंदी नाही. लांब बांबू आणि एक रिकामी दुपार पुरते.

आणि हो, परळात फरसाण टाकू नये. बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी टाकावी. पाणी रोज बदलावं, मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाशेजारी परळ ठेवू नये.

यंदा परळवाटपाचा फोटो घ्याल तेव्हा मागच्या टाकीला झाकण आहे ना, एवढं छायाचित्रकाराला बघायला सांगावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव