बोटे तुटल्यानंतर होणारी नोंदणी

मा. संपादक,

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रावर, कामगारांची बोटे तुटतात, पण माणूस दगावत नसल्यामुळे त्याची बातमी क्वचितच होते. डायसेटर म्हणून, म्हणजे यंत्रात डाय (साचा) बसवणारा म्हणून, माझी नोकरी याच यंत्रांवर झाली, म्हणून हे लिहीत आहे.

अपघात झाला की ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे सांगितले जाते. वास्तविक जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये पेडल दाबल्यावर रॅम, म्हणजे वरून खाली येऊन दाबणारा भाग, पूर्ण फेरा घेतल्याशिवाय थांबत नाही, त्यामुळे तिच्यावर सेन्सर बसवला तरी हात वाचत नाही. पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर पेडलवर पाय नसतानाही रॅम पुन्हा खाली येऊ शकतो. यालाच डबल स्ट्रोक म्हणतात. अशा प्रेसला डायभोवती बोट आत जाणारच नाही असा पक्का गार्ड हवा आणि जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायला चिमटा हवा. पण गार्डमुळे उत्पादन कमी निघते म्हणून तो काढून ठेवला जातो आणि ठेकेदाराच्या नवख्या हेल्परला ऑपरेटर म्हणून बारा तासांच्या पाळीत उभे केले जाते. यात त्या मुलाच्या लक्षाचा दोष किती आणि यंत्र तसे चालू ठेवणाऱ्यांचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

पुढचा प्रकार मला अधिक संतापजनक वाटतो. अनेक कामगारांची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नोंदणी अपघातानंतर घाईघाईने केली जाते. वाहन उद्योगातील जखमी कामगारांसाठी काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेनेही आपल्या अहवालांत हे वारंवार मांडले आहे. कामावरच्या दुखापतीसाठी किती महिने वर्गणी भरली याची अट नसते, संरक्षण पहिल्या दिवसापासून असते. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के आणि कायमच्या अपंगत्वात, वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या कमाईक्षमतेच्या हानीनुसार, आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगार वंचित राहू नये, यासाठी महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. जिथे ईएसआय लागू नाही तिथे भरपाई महिन्याभरात द्यावी लागते, नाहीतर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ठेकेदाराच्या कामगाराबाबत मूळ मालकही जबाबदार असतो. हे ठाऊक नसलेला परप्रांतीय मुलगा थोडे पैसे घेऊन, कोऱ्या कागदावर सही करून गावी निघून जातो. कायद्यातील भरपाईच्या अनुसूचीत अंगठा गेल्यास कमाईक्षमतेची हानी ३० टक्के आणि पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के धरली आहे. हाताने काम करणाऱ्या माणसाची तर्जनी गेल्यावर त्याचे जे नुकसान होते, त्यापुढे हा आकडा मला फारच तोकडा वाटतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी किमान २० कामगारांची अट आहे आणि बोटे तुटतात ती प्रेसशॉप पुष्कळदा त्याहून लहान असतात. म्हणून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने पॉवर प्रेस असलेल्या प्रत्येक जागेची, कामगारसंख्या न पाहता, नोंद ठेवावी. जखमी कामगाराच्या ईएसआय नोंदणीची तारीख अपघाताच्या दिवशीची किंवा नंतरची असेल, तर ईएसआय महामंडळाने त्या कारखान्याची चौकशी आपणहून सुरू करावी. आणि ज्या मोठ्या वाहन कंपन्या पुरवठादाराच्या भागाचे माप मायक्रॉनपर्यंत तपासतात, त्यांनी त्याच तपासणीत प्रेसचा गार्ड जागेवर आहे की नाही हेही पाहावे आणि तो नसेल तर माल स्वीकारू नये.

– एक निवृत्त डायसेटर, भोसरी