‘संशयात्मा विनश्यति’ म्हणून कुणाला गप्प बसवू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला श्रद्धा आणि तर्क यावरचा लेख दोनदा वाचला. भाषा छान होती, पण शेवटी लेखकांनी ‘संशयात्मा विनश्यति’, म्हणजे संशय घेणाऱ्याचा नाश होतो, एवढं म्हणून विषयच संपवला आणि ते मला फार लागलं, कारण कॉलेजात फिलॉसॉफी शिकताना एकदा प्रश्न विचारला तेव्हा हेच दोन शब्द ऐकून मी खाली बसले होते, त्यानंतर कित्येक दिवस वर्गात हात वर केला नाही.

हे वचन गीतेच्या चौथ्या अध्यायातलं, 40 व्या श्लोकातलं. पण सहाच श्लोक मागे जा, 34 व्या श्लोकात ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलंय आणि तिथे प्रणिपात (नमस्कार) आणि सेवा यांच्या मधोमध ‘परिप्रश्नेन’ असा शब्द आहे, म्हणजे नीट खोदून विचारणं. आणि 42 व्या श्लोकात संशय कशाने तोडायचा, तर ज्ञानाच्या तलवारीने. विचारणाऱ्याचं तोंड बंद करून तोडा असं कुठेच नाहीये. मग आपण एकच श्लोक उचलतो आणि बाकीचे सोडून देतो ते का?

आपल्याकडे संशय म्हटलं की संशयी स्वभाव, संशयाचं भूत असंच डोक्यात येतं. पण न्यायसूत्रांच्या, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथाच्या, अगदी पहिल्या सूत्रात जे सोळा पदार्थ (विचाराचे विषय) सांगितलेत त्यात प्रमाण (ज्ञानाचं साधन), प्रमेय (जे जाणायचं ते) आणि लगेच तिसरा संशय! वात्स्यायन या सूत्रांवरच्या आपल्या भाष्यात म्हणतात की जे माहीतच नाही तिथे न्याय, म्हणजे तर्काने तपासणं, चालत नाही, जे ठरून गेलंय तिथेही चालत नाही, तो चालतो फक्त जिथे संशय आहे तिथे. त्यांचं नेहमीचं उदाहरण म्हणजे लांबून काहीतरी उभं दिसतंय, खांब आहे की माणूस? उंची दोघांची सारखी, पण हात-पाय किंवा खोडातली ढोली यातलं काहीच अजून दिसलेलं नाही. मला हे उदाहरण फार आवडतं कारण यात संशय म्हणजे नुसती मनातली धाकधूक नाही, दोन शक्यता समोर आहेत, दोघांत सारखं काय ते कळलंय आणि वेगळं काय ते बघायचं राहिलंय, म्हणजे पुढे जाऊन नेमकं काय बघायचं हे तो संशयच सांगतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 साली सगळ्यावरच संशय घेतला, आत्ता जागा आहे की स्वप्नात हेसुद्धा सोडलं नाही, पण तो कशासाठी तर पाय ठेवायला एक पक्की जागा मिळावी म्हणून. टोपलीत काही सफरचंदं सडलीत अशी शंका आली तर सगळी बाहेर ओतायची आणि चांगली तेवढी परत भरायची, हे त्याचंच उदाहरण. मला स्वतःला तो पूर्ण पटत नाही, सगळं एकदम ओतता येतं का? अमेरिकन तत्त्वज्ञ पर्सने 1868 मध्ये बरोबर पकडलंय की मनात ज्याबद्दल शंका नाही त्याबद्दल तत्त्वज्ञानात शंका असल्याचं सोंग करू नका. आणि त्याच्या काही शतकं आधी आपल्याकडचे न्यायशास्त्राचे पंडित गंगेश उपाध्याय यांनी विचारलं होतं की आगीने धूर होतो यावर तुमचा संशय आहे ना, मग धूर हवा असला की आगच कशी काय आणता?

म्हणून दुसरी बाजूही सांगते. आजकाल ‘मला काहीच पटत नाही, सगळे खोटं बोलतात’ असं म्हणणारे खूप झालेत आणि ते स्वतःला चिकित्सक समजतात. त्यांना मी एकच विचारते, काय दिसलं तर तुम्ही मानाल? बहुतेक वेळा उत्तरच नसतं. हा संशय नाही, कारण याला कुठे पोचायचंच नाहीये. न्यायात याला वितंडा म्हणतात, स्वतःची बाजू मांडायचीच नाही आणि समोरच्याची फक्त पाडायची. गप्प बसवणारे आणि हे, दोघंही निर्णयापर्यंत जाऊ देत नाहीत, हे मला मनापासून वाईट वाटतं.

एक विनंती आहे. तुमच्या पानावर ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ असे दोन लेख शेजारी छापता, पण दोघं आपापलंच बोलतात, एकमेकांच्या मुद्द्याला हातच लावत नाहीत. आपल्या जुन्या ग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायचे, म्हणजे समोरच्याचं म्हणणं जितकं भक्कम करून सांगता येईल तितकं सांगायचं आणि मग उत्तर द्यायचं. तर प्रत्येक लेखकाला सुरुवातीचे शंभर-दीडशे शब्द समोरच्याच्या म्हणण्यासाठी द्यायला सांगा आणि ते त्या समोरच्याला दाखवून ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं त्याने मान्य केलं तरच छापा. श्रद्धा आणि तर्क या विषयापासूनच सुरुवात करता आली तर फार बरं होईल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक