रोचेस्टरचा गोल बुरूज

लंडन, १६ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, रागावू नकोस. काल रोचेस्टरचा किल्ला पाहून आलो. परतीच्या गाडीतच ठरवलं की हे सगळं आधी तुला कळवायचं.

किल्ला म्हटल्यावर आपल्यासारखा डोंगर डोळ्यांपुढे आणू नकोस. मेडवे नदीच्या काठी, भर गावात, कॅथेड्रलच्या शेजारी एक चौकोनी दगडी मनोरा उभा आहे. उंची ११३ फूट आणि तळाशी भिंती १२ फूट जाड! ११२७ मध्ये पहिल्या हेन्री राजाने किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपकडे सोपवला, आणि त्या विल्यम डी कॉर्बेलने हा मनोरा उभारला. तळमजल्याला दार ठेवलेलंच नाही, बाहेरच्या जिन्याने वर चढूनच आत शिरायचं. छप्पर आणि मजल्यांच्या तक्तपोशी कधीच गेल्या, त्यामुळे आत उभं राहून मान वर केली की थेट आभाळ दिसतं. तुळया जिथे बसवल्या होत्या त्या भोकांत आता कबुतरं राहतात.

मधोमध एक भिंत मनोऱ्याचे दोन भाग करते. तिच्या पोटातून विहिरीची नळी सरळ वरच्या मजल्यांपर्यंत नेली आहे. पोहरा सोडला की ज्याच्या त्याच्या मजल्यावर पाणी! मी बराच वेळ तिथेच रेंगाळलो. आपण गडावर गेल्या गेल्या आधी टाकी शोधायचो, ती सवय सुटलेली नाही.

पण तुला सांगायचंय ते बुरुजांबद्दल. चार कोपऱ्यांतले तीन बुरूज चौकोनी, आणि दक्षिणेकडचा एकच गोल. जून १२१५ मध्ये जॉन राजाने मॅग्ना कार्टा, म्हणजे सरदारांनी मागितलेली हक्कांची सनद, मान्य केली, पण काही महिन्यांतच सरदारांशी लढाई जुंपली. बंडखोर सरदारांपैकी विल्यम डोबिनी आपली माणसं घेऊन या किल्ल्यात शिरला आणि ऑक्टोबरात राजा स्वतः वेढा घालायला आला. दगडफेकी यंत्रांनी मनोरा दाद देईना, तेव्हा त्याने सुरुंग लावला. सुरुंग म्हणजे दारू नव्हे हं, ती तिकडे अजून पोचलीच नव्हती. बुरुजाच्या पायाखाली पोकळी खणायची, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलायचा आणि मग टेकू पेटवून द्यायचे. टेकू जळले की बुरूज आपल्याच वजनाने खाली बसतो. त्या आगीसाठी २५ नोव्हेंबरला राजाने आपला अधिकारी ह्यूबर्ट डी बर्ग याला लेखी हुकूम धाडला: खाण्याच्या फारशा कामाची नाहीत अशी चाळीस लठ्ठ डुकरं रात्रंदिवस करून पाठव. चरबीसाठी!

कोपरा कोसळला. तरी आतली माणसं हटली नाहीत. मघाशी सांगितलेल्या त्या मधल्या भिंतीआड सरकून ती लढत राहिली. घोडेसुद्धा खाऊन झाले होते. ३० नोव्हेंबरला भुकेने त्यांना बाहेर आणलं, तोवर वेढ्याला जवळजवळ सात आठवडे झाले होते.

मला तिथे चाकण आठवलं. १६६० मध्ये शाएस्तेखानाने सुमारे ५५ दिवस वेढा घालून अखेर सुरुंगानेच बुरूज उडवला, आणि त्यानंतरही फिरंगोजी नरसाळ्यांची माणसं खिंडारात उभी राहिली. आपण तिथल्या खंदकाच्या काठावर बसलो होतो तेव्हा तू म्हणाला होतास, भुईकोट लढवायला वेगळी छाती लागते. काल तेच पटलं.

पुढे तिसऱ्या हेन्रीच्या काळात तो कोपरा पुन्हा बांधला, तो गोल. चौकोनी कोपरा पोखरायला सोपा जातो, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. सरळ भिंत संपून गोलाई सुरू होते तिथे मी कितीतरी वेळ हात ठेवून उभा होतो. आठशे वर्षांपूर्वीचा घाव असा बोटांखाली येईल असं वाटलं नव्हतं रे.

तू मे महिन्यात येतोयस ना? मग डोव्हरला जाऊ. डुकरांचा हुकूम ज्याला गेला, त्याच ह्यूबर्टने पुढच्या वर्षी फ्रान्सच्या राजपुत्राविरुद्ध तो किल्ला लढवला. तिथेही सुरुंगाने दरवाजाचा एक बुरूज पाडला होता आणि याच्या माणसांनी लाकडं रचून ते खिंडार बुजवलं. ती जागा आपण दोघांनी मिळून बघायची.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश