पेंटरभाऊंना खुले आभारपत्र

सन्माननीय पेंटरभाऊ,
सादर नमस्कार.

यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, आपण आमच्या गावी बसून काढलेली व्यक्तिचित्रे आता घरोघरी भिंतींवर लागली आहेत आणि त्यांतून जमलेली रक्कम सिकलसेलग्रस्त मुलांच्या मदतनिधीत जमा झाली आहे. समितीचे सदस्य आभार मानायला आपल्या घरी आले, तेव्हा आपण चहा पाजून धानाच्या भावाचा विषय काढलात आणि मूळ बोलणे राहूनच गेले. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहोत.

पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार कोणाला नवा नाही. आई-वडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः रुग्ण नसूनही दोष पुढे देऊ शकणारे असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण म्हणून जन्मण्याची शक्यता 25 टक्के असते. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि थंडी, ताप किंवा अंगातले पाणी कमी होणे एवढ्या निमित्तानेही मूल हाडांच्या ठणक्याने रात्रभर कण्हत राहते. केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी सुरू केलेल्या अभियानात 2047 पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा आजार संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, ही समाधानाची बाब आहे. परंतु ऐन धान कापणीत मुलाला घेऊन चंद्रपूर किंवा नागपूर गाठायचे म्हणजे गाडीभाडे, तिथला मुक्काम आणि बुडालेली मजुरी हे सगळे त्या कुटुंबाच्याच माथी येते. आमचा निधी आहे तो एवढ्यासाठीच.

निधीसाठी आजारी मुलांचे चेहरे मोठ्या फलकावर रंगवून मंडईच्या तोंडाशी लावावेत, अशी सूचना समितीत आली होती. लोकांना दया येईल आणि हात सैल सुटेल, असा त्यामागचा हिशेब होता. आपण त्यास स्पष्ट नकार दिलात. "उद्या या पोरींची सोयरीक जुळवायला पाहुणे आले की त्यांना हाच फलक आठवेल," एवढेच आपण म्हणालात आणि त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही. ज्या घरांत तपासणीचा कागदसुद्धा पेटीच्या तळाशी लपवून ठेवतात, त्या घरांच्या वतीने आम्ही सर्वांत आधी या नकाराचे आभार मानतो. चित्र काढायचेच तर देणाऱ्याचे काढू, हा तोडगाही आपलाच. ज्याने निधीत यथाशक्ती रक्कम टाकली, त्याने समोरच्या खुर्चीवर बसावे आणि स्वतःचा चेहरा घरी न्यावा. नाटकाच्या शामियान्यापेक्षा आपल्या खुर्चीभोवती गर्दी अधिक होती, हे आम्ही सांगायला नको. मात्र नाटक मंडळीची तक्रार अजून ऐकावी लागते.

एक प्रसंग मात्र नोंदवलाच पाहिजे. एका शेतमजूर भावाकडे वारलेल्या आईचे छायाचित्र म्हणून मतदार ओळखपत्र तेवढे होते आणि त्यावरचा चेहराही घासून पुसट झालेला होता. आपण त्यांना बाजूला बसवून विचारत राहिलात: कपाळावरचे गोंदण ठिपक्यांचे होते की रेघेचे, पदर कोणत्या कानामागे खोचायची, हसताना ओठ मिटलेले असायचे का. कोळशाने गडद केलेल्या गालावरून मऊ खोडरबर हलकेच टेकवून उचलत आपण उजेड काढलात आणि गोंदणाचे ठिपके सर्वांत शेवटी दिलेत. चित्र पुरे झाल्यावर त्या भावाने काही न बोलता आधी पायांतल्या चपला काढल्या.

लिलावासाठी आपण दिलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे तैलचित्र गावच्या भजन मंडळाने वर्गणी काढून घेतले. चिमूरच्या परिसरात महाराजांच्या चित्रावर बोली चढणार, हे ठाऊकच होते; तरी खंजिरीवर टेकलेल्या बोटांकडे लोक जवळ जाऊन पाहत होते, ती करणी आपल्या हाताची. तैलरंग आतपर्यंत वाळायला महिने लागतात, तोवर व्हार्निश लावू नये आणि उदबत्तीचा धूर लागेल अशा ठिकाणी चित्र टांगू नये, ही आपली सूचना मंडळाने पाळली आहे. देव्हाऱ्यासमोरची खिळ्याची जागा बदलली, यावरून थोडी कुरबुर झाली, पण ती मिटली.

आणखी एक गोष्ट लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. कलावंताने काम दान दिले की त्याचे काय गेले, थोडा कागद आणि थोडा रंग, असे बोलणारे आपल्याकडे कमी नाहीत. वास्तविक नाटकांच्या हंगामाचे दिवस म्हणजे आपल्या कमाईचे दिवस. झाडीपट्टीच्या नाटकांचे केंद्र असलेल्या वडशाच्या नाटक कंपन्यांचे पडदे याच काळात रंगवायचे असतात आणि आमच्यासाठी आपण ते काम मागे ठेवलेत. चौकटींचा खर्च निधीतून न घेता समितीने वेगळा उभा करावा, ही आपली अट काहींना तेव्हा खटकली होती. आमच्या मते ती रास्त होती, कारण त्यामुळेच लोकांनी दिलेला पैसा अखंड मुलांपर्यंत पोहोचला.

निधीचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे. लाभ घेतलेल्या कुटुंबांची नावे आपल्या म्हणण्याप्रमाणे त्यात दिलेली नाहीत. पुढील मंडईची तारीख ठरली की आधी आपल्या पडद्यांचे वेळापत्रक विचारू आणि कागद, कोळसा व रंगांचे पैसे आगाऊ पाठवू. ते कृपया परत करू नयेत.

आपले स्नेहांकित,
मंडई समितीचे सदस्य आणि मुलांचे पालक