अण्णा, तुमच्या डब्याचं फडकं

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत बसणाऱ्यांपैकी नाही, पण तुमचा मुलगा हे वाचून दाखवेल म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. त्या दिवशी गॅरेजात मला बोलायला जमलंच नाही. पैसे दिले, किक मारली, 'येतो अण्णा' म्हटलं आणि निघालो. घाटमाथ्यावर आल्यावर गाडी बाजूला घेतली आणि किती तरी वेळ कठड्यावर नुसता बसून राहिलो.

ज्यांना हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधी आहे. कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, हा माझा रोजचा पट्टा. पावसाळ्याच्या तोंडावर २००९ सालची जुनी हीरो होंडा स्प्लेंडर घेतली. विकणारा शपथेवर म्हणाला होता, 'इंजिनाला पाना लागलेला नाही.' पहिलंच ऑइल बदलताना काळ्या ऑइलबरोबर ट्रेमध्ये टक् करून काहीतरी पडलं. कापलेल्या नखासारखा वाकलेला बारीक तुकडा, दोन्ही टोकं चेपलेली.

ऑइल काढणारा म्हणाला, 'जुन्या गाडीत चुरा निघतोच.' आणि तो तुकडा कचऱ्यात टाकायला निघाला. मी त्याच्या हातातून घेतला आणि बॅगेतल्या सॅम्पलच्या रिकाम्या बाटलीत ठेवला. चुरा मलाही कळतो. जुन्या ऑइलमध्ये बोट बुडवलं की राखाडी चमक दिसते, ती झिजेची असते. पण या तुकड्याला आकार होता. आकार आहे म्हणजे तो कुठल्या तरी वस्तूचा भाग होता, आणि ती वस्तू अर्धी अजून आत होती.

दुसऱ्या ठिकाणी बाटलीकडे न बघताच बोअर-पिस्टनचा खर्च सांगितला, साडेसात हजार. 'हा तुकडा पिस्टनचा आहे का?' विचारलं, तर म्हणाले, 'दादा, काम करायचं असेल तर बोला.' तिसऱ्याने इंजिनात डिझेल ओतलं, थोडं फिरवलं, काढलं, चारशे रुपये घेतले आणि 'झालं साफ' म्हणून सांगितलं. विकणाऱ्याने तोवर फोन उचलणं बंद केलं होतं. या सगळ्यांचा मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. त्यांना कारण सापडलं नाही, याचा राग नाही. शोधायचंच नव्हतं, याचा आहे. त्या गाडीवर रविवारी माझी बायको आणि चार वर्षांची मुलगी बसतात. उतारावर दोन गिअरच्या दातांत पोलाद अडकलं आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं तर काय होतं, हे त्या तिघांनाही माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मग एका मंगळवारी घाट उतरताना इंजिनातून खडखड ऐकू आली आणि पायथ्याशी तुमच्या दारात गाडी ढकलत आणली.

अण्णा, तुम्ही आधी गाडीला हात लावला नाही. बाटली घेतली, तुकडा तळहातावर ओतला आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक त्याच्याजवळ नेलं. तो चिकटला. 'पोलाद आहे. पिस्टन नाही, केसिंग नाही, ते अॅल्युमिनियमचं असतं,' एवढंच म्हणालात. मग गाडीच्या भोवती फिरलात आणि मला बोटाने दाखवलंत. क्लच कव्हरच्या स्क्रूंची डोकी छिन्नी मारून फाटलेली, ब्लॉकच्या पॅकिंगमधून पांढरी पेस्ट बाहेर आलेली. पाना न लागलेलं इंजिन! मी विचारलं, पुरातली गाडी असेल का? तेव्हा तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर कित्येक महिने चिखल भरलेली इंजिनं तुम्ही धुतली होती. तो गाळ कुठल्या कोपऱ्यात बसतो हे तुम्हाला पाठ होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती.

हेड आणि ब्लॉक निघाला होता. पिस्टन उघडा पडला होता. पिस्टन अडकवलेला असतो त्या गजन पिनचं लॉक, म्हणजे पिन सरकू न देणारं बारीक तारेचं कडं, काढायला तुम्ही नोजप्लायर हातात घेतलात आणि थांबलात. खाली क्रँकच्या चॅम्बरचं तोंड उघडं होतं. तुम्ही आजूबाजूला बघितलंत. कॉटन वेस्ट होतं, पण त्याचे दोरे सुटत होते. फडकी होती, पण त्यांत ग्राइंडरची कीस अडकलेली. मग तुम्ही उठलात, हात साबणाने धुतलेत, खुंटीवरचा डबा काढलात, त्याला बांधलेलं धुवट पांढरं फडकं सोडलंत, दोनदा झटकलंत आणि त्या तोंडात चारी बाजूंनी नीट खोचलंत.

मी म्हटलं, 'अण्णा, डब्याचं आहे, खराब होईल.'

'कपडा धुता येतो,' तुम्ही म्हणालात.

नंतर तुम्ही वर्तमानपत्रावर तांदळाची भाकरी ठेवून जेवलात. जवळ्याची चटणी मलाही दिलीत. माझं लक्ष मात्र त्या फडक्याकडेच होतं. माझ्या धंद्यात ऑपरेशन थिएटरबाहेर ताटकळत बसावं लागतं. पोट शिवण्याआधी सिस्टर रक्त टिपायला आत वापरलेले कापडी मॉप मोठ्याने मोजतात, आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठा असो, थांबतो. उघडलेल्या वस्तूत आपलं काही राहू नये ही काळजी मी तिथे पाहिली होती. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदाच पाहिली, आणि मला गहिवरून आलं. खरं सांगतो.

आणि त्याच फडक्यामुळे उलगडा झाला. पिनची दोन्ही लॉकं जागेवर होती, अखंड होती, बाकीच्या जुन्या भागांच्या मानाने नवीच दिसत होती. तुम्ही बाटलीतला तुकडा नव्या लॉकवर ठेवलात. गोलाई जुळली. मग बराच वेळ गप्प होतात. शेवटी म्हणालात, 'आधी ज्याने हाफ काम, म्हणजे पिस्टनपर्यंत इंजिन खोलायचं काम केलं, त्याच्या हातून लॉक उडालं असणार. टिक् करून जातं, दिसतही नाही. नवीन लावलं आणि बंद केलं. फडकं लावलं असतं तर फडक्यावर पडलं असतं.'

मी विचारलं, 'नक्की?'

'नक्की माहीत नाही. दुसरा अर्धा मिळाला तर सांगतो. तोवर बंद करणार नाही.'

'माहीत नाही' हे शब्द त्या तीन ठिकाणी मला एकदाही ऐकू आले नव्हते. तुम्ही ते इतक्या सहज म्हणालात की माझी महिनाभराची भीती तिथेच निम्मी झाली. आपल्याकडे अशी माणसं आहेत. माझ्या मुलीला पोलिओचा डोस द्यायला येणाऱ्या आशाताई भर पावसात ओढा ओलांडून येतात आणि आमचं एकच घर राहिलं होतं म्हणून सांगतात. ही माणसं आपापल्या जागी असतात म्हणून बाकीच्यांचं चालतं. त्यांचं नाव कुठल्या फलकावर लागत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमचा फोन आला. फक्त 'मिळाला' म्हणालात. मी आलो तेव्हा तुम्ही स्टीलच्या ताटलीत दोन्ही तुकडे चिमट्याने जोडून ठेवले होते. बाहुलीच्या बांगडीएवढं कडं, मधे केसभर फट. केसिंग, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, खोलल्यावर दुसरा तुकडा गिअरच्या खालच्या गाळात रुतलेला मिळाला, आणि एका गिअरच्या दातावर त्याचा वण होता. तो दात तुम्ही माझं बोट फिरवून दाखवलात आणि गिअर बदललात. गाळ तुम्ही चहाच्या गाळणीतून गाळला होता. त्यात एक पिवळसर कण निघाला, चुंबकाला न चिकटणारा. तो कशाचा, हे तुम्हाला सांगता आलं नाही, आणि तुम्ही तसं स्पष्ट सांगितलंत. 'पाचशे किलोमीटरला ऑइल काढू. पुन्हा दिसला तर पुन्हा खोलू, मजुरी घेणार नाही.'

पाचशे किलोमीटर गेल्या आठवड्यात झाले. ऑइल तुमच्यासमोरच काढलं, तुम्ही ते पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात धरलंत. काही नव्हतं. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढच्या गाडीकडे वळलात. त्या क्षणी मला तुमच्या पाया पडायचं होतं. गिऱ्हाईकं उभी होती, म्हणून राहून गेलं.

ते फडकं मात्र मी पाहिलं. डब्याला परत बांधलेलं, पण मधोमध ऑइलचा तपकिरी डाग तसाच. धुतलं तरी गेला नाही.

घरी आईला हे सगळं सांगितलं. तिने ट्रंकेतून तिचं जुनं सुती लुगडं काढलं, त्याचे चौकोन कापले आणि दोरे सुटू नयेत म्हणून प्रत्येकाची कड दुमडून हाताने शिवली. बावीस झाले आहेत. एक तिने वेगळा ठेवलाय, जरा मोठा, काठाचा. तो डब्यासाठी. शनिवारी घाट उतरतोय, तेव्हा घेऊन येतो.

तुमचा,
कराडचा स्प्लेंडरवाला