काका, मी कुठे उभा होतो ते आता सांगतो

काका,

तुमचं नाव मला अजून माहीत नाही. दीड वर्ष होत आलं आपण भेटतोय, कधी मुंढव्यात, कधी कोरेगाव पार्कात, एकदा तर बालगंधर्वच्या बाहेर पावसात, आणि मी तुम्हाला काका म्हणतो आणि तुम्ही मला हिरो. नंबर घ्यायचा दर वेळी राहतो. म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय, गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला, जाणाऱ्या कोणाच्या तरी नजरेस पडेल आणि तो तुम्हाला फोन दाखवेल. सापडायला सोपे आहात तुम्ही, साऊंडच्या टेबलाच्या डाव्या बाजूला, खांद्याला शबनम, हातात काही नाही.

गेल्या वर्षीच्या जुलैमधला तो शुक्रवार तुम्हाला आठवत असेलच, मला तर विसरता येत नाही. तीन बँड होते, दुसरा कॉलेजच्या पोरांचा, स्वतःची मराठी गाणी. मला एक शब्द कळला नाही. संपल्यावर नेहमीसारखे सगळे बाहेर टपरीवर, तिथेच तर आपल्या सगळ्यांची मतं निघतात, आत नुसत्या माना हलवायच्या आणि बाहेर येऊन एकेकाची सालं काढायची. तर मी क्रीमरोल खात खात जाहीर केलं की ती मुलगी गातच नाही, नुसती तोंड हलवते, तिला काढा आणि सरळ इन्स्ट्रुमेंटल बँड करून टाका. लोक हसले. मग कोणीतरी मला कोपर मारलं. ती मागेच उभी होती, हातात चहाचे चार ग्लास, बाकीच्या पोरांसाठी नेत होती. काही बोलली नाही, गेली.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त विचारलंत, "कुठे उभा होतास?"

मी म्हणालो एकदम पुढे, गिटारवाल्यासमोर, छाती काढून सांगितलं, कारण माझ्या डोक्यात खरा फॅन म्हणजे पुढे उभा राहणारा. तुम्ही म्हणालात, "मग तू गिटारच्या अँपबद्दल बोल, तिच्या गळ्याबद्दल कशाला बोलतोस?"

आणि तिसरा बँड सुरू झाल्यावर माझं मनगट धरून तुम्ही मला अख्ख्या जागेत फिरवलंत, देवळात प्रदक्षिणा घालतात तसं. एवढ्याशा जागेत ड्रम आणि गिटारचे अँप, म्हणजे गिटारचे स्वतःचे स्पीकर, थेट स्टेजवरूनच कानावर आदळतात, पण गायकाचा आवाज येतो तो फक्त बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून, आणि त्या स्पीकरची तोंडं असतात प्रेक्षकांकडे, म्हणजे मधोमध पुढे उभा राहणारा माणूस गाणं सोडून सगळं ऐकतो. बाजूच्या भिंतीपाशी बास नुसता घुमतो. मागे साऊंडच्या टेबलापाशी आलो तेव्हा कळलं की अरे, हा माणूस शब्द म्हणतोय, आणि बरे म्हणतोय. तीन ठिकाणी उभं राहून एकच बँड तीन वेगळे बँड झाले. मी चार वर्षं गिगला जातोय आणि चारही वर्षं चुकीच्या जागी उभा राहून मतं देतोय हे तेव्हा कळलं, लाज वाटली राव.

मग तुम्ही मॉनिटर दाखवलात. गायकाच्या पायाशी असतो तो तिरका स्पीकर, त्यात तिचा आवाज तिला परत ऐकू येतो. तो वाढवला की माईक शिट्टी मारायला लागतो, कमी ठेवला की तिला स्वतःचं काही ऐकू येत नाही, मग ती ओरडते, आणि ओरडली की सूर वर जातो, आणि आपण बाहेर येऊन म्हणतो बेसूर आहे. त्यात पहिला बँड ट्रॅफिकमधे अडकलेला, त्यामुळे दुसऱ्याला धड साऊंडचेक मिळालाच नव्हता, आवाज येतोय का, येतोय, करा सुरू. आणि मिळाला असता तरी तो रिकाम्या हॉलमधला. माणसं भरली की तीच आवाज पितात, दुपारी झकास लागलेलं रात्री बोदं ऐकू येतं. हे काही कोणाच्या बाजूने बोलणं नाही, असंही तुम्ही म्हणालात, वाईट वाजवलं तर वाईटच म्हणायचं, पण कोणी वाईट वाजवलं ते आधी शोध.

सवाई गंधर्व महोत्सवातलं तर मी सगळ्यांना सांगतो. डिसेंबरात मुकुंदनगरला भेटलात तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही रॉकवाले, इथे कसे. तेव्हा कळलं की सवाई रमणबागेत व्हायचा तेव्हा तुम्ही लहानपणापासून वडिलांबरोबर जायचात, सतरंजीवर शाल घेऊन, रात्रभर, शेवटी पहाटे भीमसेनजी आणि मग पहिली पीएमटी पकडून घरी, आणि 2010 साली एनएच7 वीकेंडर हा बँडवाल्यांचा फेस्टिवल पहिल्यांदा पुण्यात झाला तेव्हाही तुम्ही तिथे होतात, त्याच शबनमसकट. मी त्या दिवशी कुरकुरत होतो की कलाकार गायचं सोडून अर्धा वेळ तानपुरेच जुळवतायत आणि तबलेवाल्याची हातोडी थांबत नाहीये. तुम्ही म्हणालात संध्याकाळनंतर मांडवात गारठा उतरतो, तारा आणि कातडं दोन्ही हलतात, त्याने नाही ठोकलं तर तूच बाहेर जाऊन सांगशील की तबला उतरला होता. बरोबर होतं, मी नक्की सांगितलं असतं.

आणि मध्यंतरात ते आजोबा! खाण्याच्या स्टॉलपाशी चारचौघांना ऐकवत होते की आज काही गळा लागला नाही, पूर्वीची मजा नाही. आणि तुम्ही त्यांनाही सोडलं नाहीत, "आपण कुठे बसला होतात?" म्हणून विचारलंत, शांतपणे. ते इतके भडकले, म्हणे मी रमणबागेपासून येतोय. मला वाटलं आता भांडण. पण पाच मिनिटांत तुम्ही दोघं एकाच थर्मासमधून चहा घेत होतात आणि रात्री दहाला स्पीकर बंद करायच्या नियमावर बोलत होतात, की एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते ती सोडली तर रात्री उशिराचे आणि पहाटेचे राग आता त्यांच्या वेळेला ऐकायलाच मिळत नाहीत. मी मधे पडलो नाही. माझं मत आहे की शेजारी झोपणाऱ्यांनाही जीव असतो, नियम बरा आहे, पण ते तिथे बोलायची हिंमत झाली नाही, इथे बोलतो.

सगळं पटतं असंही नाही हं तुमचं. कव्हर वाजवणाऱ्यांचं तुम्हाला फार कौतुक, दुसऱ्याचं गाणं नीट वाजवणं सोपं नाही वगैरे. नसेल सोपं, पण पाचशे रुपये देऊन मी ते का ऐकू.

बरं, मुख्य बातमी. मार्चमधे तोच बँड परत ऐकला, या वेळी तुमच्या जागेवर उभा राहून, तुम्ही नव्हतात. ती छान गाते काका. खालच्या पट्टीत थोडी घोगरी होते, ते मला आवडलं. ड्रमर मात्र पळतो, प्रत्येक गाणं सुरू होतं एका लयीत आणि संपतं दुसऱ्याच, हे मी त्याला तोंडावर सांगितलं, त्याने मान्य केलं. मग तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं गेल्या वर्षी टपरीवर मी एक... तर मधेच म्हणाली, "माहितीये, क्रीमरोल." मग जरा थांबून म्हणाली की त्या दिवशी मला पण मी ऐकू येत नव्हते. सॉरी म्हणालो. ती ठीके म्हणाली. एवढंच झालं, पण ते तुमच्याशिवाय झालं नसतं, आणि थँक्यू म्हणायला तुम्ही तिथे नव्हतात, म्हणून हे पत्र.

तुम्ही दिलेले ते फोमचे इअरप्लग पण अजून वापरतो, घरी जाताना कानात शिट्टी वाजायची ती बंद झाली. मेडिकलमधून आणखी दोन जोड्या घेतल्यात, एक तुमची.

या शनिवारी येतोय. डावीकडे दोघांपुरती जागा धरून ठेवा, धाकटी बहीण पहिल्यांदाच येतेय आणि तिला आत्ताच सगळे बँड भंगार वाटतायत.

तुमचा,
हिरो