कंसातल्या त्या ओळीबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. लेकीसाठी रचलेल्या शिंकणाऱ्या उंटाच्या चार ओळी तू शेवटी लिहिल्यास आणि लगेच कंसात, 'कुणाला दाखवू नकोस, पोरखेळ आहे.' तो कंस वाचून मला राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

अरे, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनची नाताळपत्रं तू पाहिलीस का? १९२० साली त्यांचा थोरला मुलगा तीन वर्षांचा होता, तेव्हा घरात नाताळबाबाचं पहिलं पत्र आलं. ते अर्थात बापानेच लिहिलं होतं. मग १९४३ पर्यंत दर नाताळला उत्तर ध्रुवावरून मुलांना पत्रं येत राहिली. तिकिटंही त्यांनीच रंगवलेली! नाताळबाबा फार म्हातारा, म्हणून त्याचं अक्षर थरथरतं. त्याच्या मदतीला एक धांदरट पांढरं अस्वल. ते समासात जाड, बोजड अक्षरात मधेमधे आपलं म्हणणं घुसडतं. १९२५च्या पत्रात हे अस्वल वाऱ्याने उडालेली टोपी काढायला ध्रुवाच्या खांबावर चढतं, खांब मोडून नाताळबाबाच्या घराच्या छपरावर पडतो आणि अस्वल त्या भोकातून आत पडतं. पुढे गुहेतल्या चित्रांवरून ते चक्क एक लिपी तयार करतं. आता मला सांग, कादंबऱ्यांसाठी अख्ख्या भाषा रचणारा भाषापंडित आणि अस्वलाची लिपी रचणारा बाप, ही दोन माणसं कशी मानायची? मला तर एकच दिसतो. मुलांपुरतं लिहायचं असूनही त्याने कुठे हात आखडता घेतला नाही. ही पत्रं पुस्तकरूपात आली १९७६ साली, ते गेल्यानंतर तीन वर्षांनी.

'अ‍ॅलिस'च्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरल तर गणिताचे अध्यापक. ओळखीच्या मुलांना ते आरशात धरूनच वाचता येतील अशी उलट्या अक्षरांची पत्रं पाठवत. रात्री अंथरुणातून न उठता अंधारात टिपण करता यावं म्हणून त्यांनी १८९१ साली चौकोनी भोकांची एक पट्टी आणि तिच्यासाठी वेगळी अक्षरंही शोधून काढली. कवी एलियटचंही तेच. त्यांच्या 'द वेस्ट लँड' या अवघड दीर्घ कवितेची धास्ती आपण दोघांनीही घेतली होती ना? त्याच माणसाने मानलेल्या मुलांना पत्रांतून मांजरांच्या कविता पाठवल्या. १९३९ साली त्यांचं पुस्तक झालं.

पण मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते रवींद्रनाथ. कवितेतला शब्द खोडला की त्या खाडाखोडी ते एकमेकींना जोडत, आणि त्यातून चोच, शेपूट, कुठला तरी अनोळखी प्राणी उभा राही. 'पूरबी' या कवितासंग्रहाच्या १९२४च्या हस्तलिखितात असे कितीतरी जीव आहेत. खोडलेलं नुसतं तसंच पडू द्यायचं त्यांच्या जिवावर येत असावं, असं मला वाटतं. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९३० साली, त्यांच्या चित्रांचं पॅरिसमध्ये प्रदर्शन भरलं. या चित्रकलेची सुरुवात त्या खोडलेल्या ओळींतच आहे!

तेव्हा तुझ्या वहीत खाडाखोड असेल तर तशीच पाठव, नीट उतरवून काढत बसू नकोस. आणि उंट तिसऱ्यांदा शिंकतो तिथे तू थांबला आहेस. स्वारी पाठीवरून पडली की नाही? लेकीला विचार आणि कळव.

तुझाच,
जुना सोबती